मूळ रंग आणि नवें रोगण

जुन्या मोटारींच्या लिलावांत कित्येक जाणते संग्राहक नव्या झिलईपेक्षां कारखान्यांतला मूळ, विटलेला रंगच अधिक मोलाचा मानतात. अजिंठ्यास हा विवेक उशिरां लाभला. रॉबर्ट गिलनें काढलेल्या बहुतेक प्रतिकृति १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. ग्रिफिथ्सनें १८७२ पासून नव्या करविल्या. भिंतीवरील चित्रांना मात्र ती सोय नव्हती. निजाम सरकारनें इटलीहून बोलावलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी यांनीं १९२० ते १९२२ या काळांत सुटूं लागलेले पोपडे भिंतीस चिकटविले. हें काम मोलाचेंच; परंतु चित्रांवर त्यांनीं लाखेचें रोगणहि चढविलें! कालांतरानें तें पिवळें पडलें, आणि मूळची निळाई त्याखालीं झांकोळली. पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तेंच रोगण थोडें थोडें करून उतरवावें लागलें.