दिनविशेष : १२ फेब्रुवारी १७५६ - विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले

दुपार कलली होती. इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांवरून विजयदुर्गावर मारा चालू होता. त्यातला एक बाँबगोळा किल्ल्याच्या आश्रयाला उभ्या असलेल्या ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे मुळात इंग्रजांचेच जहाज, तुळाजी आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी पाडाव केलेले. डांबर, दोरखंड, शिडे, वाळलेले लाकूड. पेटायला कितीसा वेळ? गुराबा आणि गलबते दाटीवाटीने नांगरलेली. एकीची आग दुसरीला लागत गेली आणि कान्होजी आंग्र्यांपासून जोपासलेले आरमार काही तासांत राख झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या होता रॉबर्ट क्लाइव्ह.

मोहिमेत इंग्रजांचे भागीदार होते खुद्द नानासाहेब पेशवे! चिमाजीअप्पांनी १७३९ च्या जानेवारीत पोर्तुगीजांकडून केळवे-माहीम आणि तारापूर घेतले, त्याला जेमतेम १७ वर्षे झाली होती. ‘पेशव्यांनी आपलेच आरमार बुडवले’ हा राग मराठी माणसाच्या मनातून आजही गेलेला नाही. तुळाजी पुण्याला जुमानत नव्हते, पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होता, ही दुसरी बाजू खरीच. पण घरचे भांडण मिटवायला शेजारच्या चोराला बोलावणे शहाणपणाचे नव्हते.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले. क्लाइव्ह पुढच्या वर्षी, जून १७५७ मध्ये, पलाशीच्या मैदानात होता.