पुढचा एक्सल बदलायचा की नाही? एका जीपचं बिल आणि माझा चुकलेला प्रश्न

मामांची जीप गेल्या पावसाळ्यानंतर वळणावर कटकट आवाज करायला लागली. स्टेअरिंग पूर्ण कापलं की पुढून डावीकडून ठोके. खांडबाऱ्याच्या मिस्त्रींनी चाक उचललं, हाताने हलवून पाहिलं, हाऊसिंगच्या गोल टोकाखाली बोट फिरवलं. बोटाला ग्रीसऐवजी राखाडी रंगाचा चिखल लागला. मग त्यांनी तीन पर्याय सांगितले. आहे तोच एक्सल खोलून सील, बेअरिंग, क्रॉस नवे टाकायचे. किंवा भंगारातून नंतरच्या मॉडेलचा 'ओपन नकल'चा एक्सल आणून बसवायचा. तिसरा पर्याय ते हसत हसत म्हणाले, "नाहीतर पुढचं काढूनच टाकू, डिझेल वाचेल."

मामा माझ्याकडे वळले. "तू जीपवर पीएचडी करतेस ना? मग सांग काय करू."

मला सांगता आलं नाही. एम.एस्सी. फिजिक्सची, नंतर तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेली, दोन वर्षं जीपवर वाचत असलेली मी, आणि हे साधं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधताना माझ्या संशोधनाचा मूळ प्रश्नच कसा बदलला, ते आज सांगते. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत असाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पुढच्या एक्सलची अडचण समजून घेऊ. मागचा एक्सल फक्त चाकांना फिरवतो. फोर बाय फोर गाडीत पुढच्या एक्सलला चाकं फिरवायचीही असतात आणि त्याच वेळी वळवायचीही असतात. म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला मध्येच सांधा हवा. सर्वात सोपा सांधा म्हणजे गॅरेजमध्ये आपण ज्याला 'क्रॉस' म्हणतो तो, सोळाव्या शतकातल्या कार्दानो आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक यांच्या नावांनी ओळखला जाणारा. त्यात एक खोड आहे. दांडे सरळ रेषेत असताना तो नीट चालतो. कोन पडला की आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा वेग कमीजास्त होतो. ३० अंशांच्या कोनात तो एका फेऱ्यात दोनदा ०.८७ पट होतो आणि दोनदा १.१५ पट. वहीत cos ऐवजी 'कोसाइन' लिहून हे गणित मी मामांना समजावायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "म्हणजे वळणावर स्टेअरिंग हाताला झटके देतं तेच ना?" हो, तेच.

१९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली, तेव्हा नमुना गाडी द्यायला ४९ दिवसांची मुदत होती. बॅन्टम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० ला पहिली गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोहोचली. एवढ्या दिवसांत नवा एक्सल घडवणं शक्यच नव्हतं. स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या मोटारीच्या एक्सलमध्ये फेरफार करून ते दिले. म्हणजे जगातल्या पहिल्या जीपचा पुढचा एक्सल हाच मुळात दुसऱ्या गाडीवरून घेऊन बसवलेला माल होता. आपल्याकडे त्याला जुगाड म्हटलं असतं.

पुढे विलीज आणि फोर्डने मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. वेग कमीजास्त न होऊ देणारे सांधे, म्हणजे बेंडिक्स-वाईस, झेप्पा, ट्रॅक्टा, घडवायला अवघड होते. अचूक घडाई करणारे कारखाने मोजके, मागणी प्रचंड. त्यामुळे एकाच मॉडेलच्या जीपमध्ये वेगवेगळ्या जातीचे सांधे सापडतात, आणि त्यांच्या जोडीला स्पायसरचा साधा क्रॉसही. युद्धानंतर नागरी जीपमध्ये हळूहळू हा साधा क्रॉसच टिकला. सैद्धांतिकदृष्ट्या कमी दर्जाचा, पण स्वस्त आणि कुठेही बदलता येणारा. 'सुधारणा' ही नेहमी पुढच्याच दिशेने जाते असं समजून मी वाचायला बसले होते. इथे पहिला खडा लागला.

मामांच्या एक्सलच्या बाबतीत फरक या सांध्यापेक्षा त्याच्या घराचा आहे. जुन्या पद्धतीत, म्हणजे 'क्लोज्ड नकल'मध्ये, सांधा एका पोकळ गोळ्यात बंद असतो आणि गोळ्यात ग्रीस भरलेलं असतं. गोळ्यावरून घासत फिरणारं सील चिखल बाहेर ठेवतं. सील जोवर शाबूत तोवर उत्तम. ते कडक झालं की नाल्याचं पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि आतला किंग पिन, बेअरिंग, सगळं गंजायला लागतं. नंतरच्या 'ओपन नकल'मध्ये सांधा उघडाच असतो, त्याचं ग्रीस त्याच्या स्वतःच्या टोप्यांमध्ये. चिखल लागतो, पण दिसतो, धुता येतो. चाक जास्त वळतं. पुढे डिस्क ब्रेक लावणं सोपं जातं. अमेरिकेत सीजे जीपला १९७२ मध्ये डाना ३० हा ओपन नकलचा एक्सल आला. आपल्याकडे क्लोज्ड नकल त्यानंतरही बराच काळ चालत राहिला.

का? माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं : 'परवाना राजमुळे तंत्रज्ञान गोठलं.' वाक्य छान वाटतं. त्यात तथ्यही आहे. २ ऑक्टोबर १९४५ ला लुधियानात महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने कंपनी निघाली. १९४७ मध्ये मुंबईत माझगावला तिने विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर फक्त सुटे भाग जोडणाऱ्यांचे दिवस संपले आणि भाग इथेच बनवण्यावर भर आला. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८ ला बंद झाली. तिचा चेहरा आपल्याकडे कितीतरी वर्षं रस्त्यावर येत राहिला. परकीय चलनाची टंचाई असताना जो साचा नीट चालतोय तो मोडून नवा कोण आणणार?

पण ही कारखान्याची बाजू झाली. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर चाळीस-चाळीस वर्षं चालते. त्या काळात मालकाला कुणीच अडवलेलं नसतं. ओपन नकलचे एक्सल भंगार बाजारात मिळू लागल्यावरही जुने एक्सल का टिकले, याचं उत्तर परवाना राज देत नाही. ते मला मिस्त्रींच्या एस्टिमेटमध्ये सापडलं.

मिस्त्रींनी पाठकोऱ्या कागदावर दुसऱ्या पर्यायाचा हिशेब लिहून दिला. पहिली ओळ : एक्सल, ड्रम-टू-ड्रम. ही रक्कम बघून मामा खूश झाले. मग खाली ओळी वाढत गेल्या. पाट्यांची बैठक कापून नव्या जागी वेल्डिंग. नवे यू-बोल्ट. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि फ्लँज, म्हणजे लेथवाल्याकडे फेरी. ब्रेकचे पाइप, आणि डिस्क लावायच्या तर मास्टर सिलिंडरही. भंगारातला माल असल्याने त्याचीही बेअरिंग आणि सील नवी घ्यायचीच, म्हणजे जे पैसे वाचवायला निघालो तेच पुन्हा. आणायचं भाडं. एकूण चौदा ओळी. शेवटी बेरीज केली तर एक्सलची किंमत एकूण खर्चाच्या निम्मीही नव्हती. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

त्यातली एक ओळ सगळ्यात महत्त्वाची होती आणि ती मला आधी कळलीच नव्हती : क्राऊन-पिनियन. पुढच्या आणि मागच्या एक्सलचं गुणोत्तर सारखं असावं लागतं. नागरी जीपमध्ये ५.३८ हे गुणोत्तर नेहमीचं, म्हणजे क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. युद्धातल्या जीपचं ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. समजा मागे ५.३८ आहे आणि पुढे ४.८८ चा बसवला. फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, म्हणजे मागचं चाक १० फेरे करतं तेव्हा पुढचं ११ करू पाहतं. चिखलात चाक घसरून हिशेब मिटतो. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नाही, मग ताण गिअरमध्ये साठतो आणि काहीतरी तुटतं. म्हणून पुढचा एक्सल बदलायचा तर एकतर त्यातले दाते बदला आणि शिम घालून पुन्हा सेटिंग करा, नाहीतर मागचाही बदला. पुढच्या एक्सलचा निर्णय एकट्या पुढच्या एक्सलचा राहत नाही.

इथे एक पद्धत सांगते, फील्डवर उपयोगी पडेल. जुन्या जीपचे कागद आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ अनेकदा बसत नाही. गुणोत्तर तपासायला डिफरन्शियल उघडायची गरज नाही. गिअर न्यूट्रलला ठेवा, एकच चाक जॅकने उचला, दुसरं जमिनीवर घट्ट राहू द्या, बाकीच्या चाकांना ओट लावा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. पाच आणि वर एक-तृतीयांशाच्या थोडं पुढे, तर ५.३८. पाचाला थोडं कमी, तर ४.८८. दोन फेरे अशासाठी की एक चाक थांबलेलं असताना क्राऊन निम्म्या वेगाने फिरतो. पुढे मोजताना फ्री-व्हील हब असेल तर तो लॉक करायला विसरू नका. मी विसरले होते, आणि अर्धा तास न फिरणाऱ्या शाफ्टकडे बघत बसले.

आता तिसरा पर्याय. मिस्त्री हसत म्हणाले म्हणून मी तो विनोद समजले होते. माझ्या सिनॉप्सिसचं गृहीतक होतं की सातपुड्यात जीप रुजली ती चारही चाकांच्या ताकदीमुळे. अक्कलकुवा, मोलगी, धडगाव, तोरणमाळ या नावांशी माझ्या डोक्यात घाट आणि फोर बाय फोर असं चित्र जोडलेलं होतं. त्यामागे सरकारी जीपचीही आठवण होती : २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमाची, मग हिवताप निर्मूलनाची, १९६२ नंतर जिल्हा परिषदेची. (२ ऑक्टोबर पुन्हा आला, २०२० ची नवी थारही त्याच तारखेची. योगायोगावर प्रकरण लिहू नका, मला मोह झाला होता.)

मिस्त्रींना मी विचारलं, "काढून टाकायला सांगणारे असतात का खरंच?"

"ताई, शिटा मारणारे सगळे तेच सांगायचे. बाजाराच्या दिवशी माणूस वर टपावर बसलेला असतो, गाडी मागे दबलेली असते. वजन मागच्या चाकावर. पुढचं फिरवून करायचं काय? उलट खर्चाचं घर."

मग मी पुन्हा माझे फोटो काढून बसले. मोलगी-धडगाव भागात काढलेल्या प्रवासी जीपच्या फोटोंमध्ये पुढे नुसती सरळ बीम, डिफरन्शियलचा गोळाच नाही, असे कितीतरी. काही गाड्या मुळातच फोर बाय टू घेतलेल्या, काहींचा पुढचा शाफ्ट उतरवलेला. दोन वर्षं हे फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये होते. मी गाडीत बसलेली माणसं पाहत होते, गाडीखाली पाहिलंच नव्हतं.

शीट मारणाऱ्याचा हिशेब अगदी स्वच्छ आहे. पुढचा एक्सल वर्षातले फार थोडे दिवस लागतो. त्याचं वजन, त्याचं ग्रीस, त्याची सीलं मात्र वर्षभर पोसावी लागतात. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते, आणि मिस्त्रींच्या चौदा ओळींत हा पंधरावा खर्च लिहिलेलाच नसतो. नाला भरला तर गाडी थांबते. थांबू देणं हे त्याला एक्सलपेक्षा स्वस्त पडतं. माणसांना ते महाग पडतं, विशेषतः बाळंतपणाच्या वेळी, पण ती किंमत कुणाच्याच बिलात येत नाही. माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास इथे आहे, आणि तो कंपनीच्या कागदपत्रांत मिळणार नाही. डेव्हिड एजर्टन यांच्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधापेक्षा वापराच्या आणि दुरुस्तीच्या अंगाने लिहायचा आग्रह आहे. मी ते पुस्तक सिनॉप्सिसमध्ये नोंदवलं होतं, पण वापरलं नव्हतं.

माझ्या सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी विचारलं होतं, "गॅरेजचं बिल हा पुरावा कसा?" तेव्हा मी गडबडले. आज मी सांगेन : एका बिलाने फार काही सिद्ध होत नाही. पण एकाच गॅरेजच्या वीस वर्षांच्या बिलबुकांत क्लोज्ड नकलची सीलं कधी कमी व्हायला लागली, क्राऊन-पिनियन सेटिंगची मजुरी कुठून दिसेनाशी झाली, हे पाहता येतं. सोबत सरकारी गाड्यांच्या लिलावाच्या जाहिराती आणि आरटीओची नोंद ठेवून ताडता येतं. बिलबुकं रद्दीत जायच्या आत गाठावी लागतात, एवढंच.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारावर बंधनं आहेत, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येणार नाही असं म्हटलं. त्यानंतर हौशी मंडळी जपून बोलतात. त्यांच्यात एक गंमत चालते. २०१० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, रस्त्यावर जास्त सुखाचं. दगडधोंड्यांत गाडी घालणारे काही जण ते काढून पुन्हा जुन्या पद्धतीचा अखंड एक्सल बसवून घेतात, भरपूर पैसे मोजून. त्यांच्यासाठी तो 'अपग्रेड'. मोलगीच्या शीट मारणाऱ्यासाठी एक्सल पोकळ करणं हा अपग्रेड.

मामांनी शेवटी पहिला पर्याय घेतला. कारण तांत्रिक नव्हतं. गाडी त्यांनी लिलावात घेतलेली, कागदपत्रं जशीच्या तशी आहेत आणि त्यांना आरटीओचं झंझट नको होतं. शिवाय शेताच्या वाटेवर पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुढची चाकं त्यांना खरंच लागतात. मिस्त्रींनी गोळे उघडले. उजव्या बाजूला किंग पिनखाली पितळी पत्र्याच्या कापलेल्या शिम निघाल्या, बाजारात मिळतात तशा नव्हेत, कुणीतरी कात्रीने कापून केलेल्या. कुणी, कधी, कुठल्या गॅरेजमध्ये, मामांना माहीत नाही. मी त्या धुऊन, जाडी मोजून, तारखेसह पाकिटात ठेवल्या आहेत.