एअर पिस्तुलाची देखभाल आणि ट्यूनिंग: घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

25 जुलै 2021, टोकियो ऑलिंपिक. महिलांच्या 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात मनू भाकरचे 16 शॉट झाले होते आणि तिच्या पिस्तुलाच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरने दगा दिला. जागा सोडून पिस्तूल दुरुस्त करून परत येईपर्यंत बरीच मिनिटं गेली. उरलेले 44 शॉट तिने 36 मिनिटांत मारले. स्कोअर 575, नंबर बारावा. आठव्या क्रमांकाचा स्कोअर होता 577, म्हणजे फायनल दोन गुणांनी हुकली. तीच मनू 2024 मध्ये पॅरिसला याच प्रकारात ब्राँझ घेऊन आली.

ऑलिंपिकमध्ये निदान शेजारी प्रशिक्षक आणि तंत्रज्ञ तरी असतात. आमच्या नांदगावात स्पर्धेच्या पिस्तुलाचं काम करणारा मेकॅनिक मी अजून पाहिलेला नाही. काही बिघडलं की मनमाडमार्गे नाशिक, नाहीतर थेट पुणे. म्हणून पिस्तुलाचं कोणतं काम आपण स्वतः करायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे नीट माहीत असलेलं बरं.

हा लेख फक्त 4.5 मिमीच्या, हवेच्या सिलेंडरवर चालणाऱ्या 10 मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे. काडतुसाच्या पिस्तुलाबद्दल शेवटी थोडं लिहिलंय, तेही वाचा.

आत नक्की काय चालतं?

नळीखाली जो लांब सिलेंडर दिसतो त्यात साधारण 200 बार दाबाची हवा असते. गाडीच्या टायरमध्ये 2 ते 2.5 बार असते, त्यावरून अंदाज घ्या. ही हवा आधी रेग्युलेटरमध्ये जाते. त्याचं काम फोनच्या चार्जिंग सर्किटसारखं आहे: आत कितीही दाब असो, पुढे ठरलेलाच द्यायचा. मग ट्रिगर दाबला की व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला सुमारे 150 मीटर वेगाने निघतो. ऊर्जा काढली तर 5-6 ज्यूल येते. ऐकायला कमी वाटते, पण डोळ्यासाठी ती भरपूर आहे.

त्यामुळे कोणतंही काम सुरू करण्याआधी पिस्तूल उघडून नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा आणि नळीतून सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रंगीत दोरी, आरपार घाला. "मला माहितीये, रिकामं आहे" हे वाक्य या खेळात चालत नाही.

हवा: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

छोट्या गावात हवा भरायची कुठे, हा पहिला प्रश्न. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर 8-10 बारपर्यंत जातो, त्याचा काही उपयोग नाही. मग कोणीतरी हमखास सुचवतं, "अरे, वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनची टाकी आहे ना, तिच्यात चांगला दीडशे बार दाब असतो!"

हे कधीही करू नका. जास्त दाबाचा शुद्ध ऑक्सिजन तेल किंवा ग्रीसच्या संपर्कात आला की ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो, आणि पिस्तुलाच्या आत ग्रीस असतंच. सिलेंडर फुटला तर तो तुमच्या हातात असेल. दवाखान्यातला ऑक्सिजनही तोच, त्यालाही हाच नियम. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

मार्ग दोनच. एक, रेंजवरच्या मोठ्या टाकीतून कोरडी, स्वच्छ हवा भरून घेणं. दोन, जास्त दाबाचा हातपंप. हातपंपात दोन गोष्टी सांभाळायच्या. हवेतली वाफ पाणी होऊन सिलेंडरमध्ये जाते, म्हणून पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवा आणि पावसाळ्यात तो लवकर बदलायला हवा. दुसरं म्हणजे पंप तापतो. थोडं भरा, थांबा, पुन्हा भरा. भरताना पंपाच्या गेजकडे लक्ष ठेवा आणि सिलेंडरवर छापलेल्या मर्यादेच्या पुढे जाऊ नका.

एका भरण्यात मॉडेलनुसार साधारण दीडशे-दोनशे शॉट होतात. गेज अगदी खाली जाऊ देऊ नका. रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळाला नाही की छर्रे हळूहळू खाली पडायला लागतात आणि आपल्याला वाटतं, आज हातच थरथरतोय.

आता ऊन. 25 अंशांना 200 बार भरलेला सिलेंडर 60 अंशांना 223 बारवर जातो. हे अकरावीच्या फिजिक्समधलंच गणित आहे: तापमान केल्विनमध्ये घ्या, 298 चे 333 होतात, दाब त्याच प्रमाणात वाढतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत 60 अंश ही काही मोठी गोष्ट नाही. पिस्तूल गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

सिलेंडरवर तारीख कोरलेली असते. बऱ्याच कंपन्या उत्पादनापासून 10 वर्षांची मुदत देतात, आणि मुदत सांभाळण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, नियमांनुसार खेळाडूवरच आहे. सेकंडहँड पिस्तूल घेताना लोक ग्रिपची चकाकी बघतात. तुम्ही आधी तारखेचा फोटो मागवा. मुदत संपलेली असेल तर नव्या सिलेंडरची किंमत धरूनच घासाघीस करा.

हवा गळते का, हे फोनने शोधा

रात्री गेजचा फोटो काढा, सकाळी त्याच खोलीत, साधारण त्याच तापमानाला पुन्हा काढा. काटा हललाय असं दिसलं तर सिलेंडर जिथे आट्यांनी बसतो तिथे साबणाचं पाणी बोटाने लावा. बुडबुडे आले तर बहुतेक वेळा तिथला ओ-रिंग सुकलेला किंवा चिरलेला असतो. कंपनीने सांगितलेल्या मापाचाच नवा बसवायचा आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यायचा. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे, यांतलं काही नाही. ही तेलं रबर खराब करतात किंवा व्हॉल्व्हमध्ये धूळ धरून बसतात, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही.

बुडबुडे आट्यांपाशी नसून रेग्युलेटर, व्हॉल्व्ह किंवा गेजपाशी येत असतील तर थांबा. सिलेंडर आणि रेग्युलेटर घरी उघडायचे नाहीत. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

नळी साफ करणं

छर्रे मऊ शिशाचे असतात, वेग कमी, बारूद नाही. त्यामुळे नळी फार घाण होत नाही आणि रोज घासली तर उलट नुकसान होतं. 500 ते 1000 शॉटनंतर एकदा फेल्टचे क्लीनिंग पेलेट पुरतात. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेवढे एकत्र भरायचे आणि नेहमीच्या छऱ्यासारखेच सुरक्षित दिशेला मारायचे. दोरीने साफ करत असाल तर ती मागून पुढे ओढायची. पुढून लोखंडी सळई घालू नका. नळीच्या तोंडाची कड छऱ्याला शेवटचा स्पर्श करते, तिथे बारीकशी खोच पडली तरी ग्रुपिंग बिघडतं.

सफाईनंतरचे पहिले काही छर्रे इकडे-तिकडे जातात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करू नका. आणि शिसं हाताळल्यावर हात धुवा, मगच वडापाव.

ट्रिगर: 500 ग्रॅमची भानगड

10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा, असा नियम आहे. तपासणीत पिस्तूल कॉक करून, नळी उभी धरून, ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लटकवतात. वजन वर उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये.

बहुतेक पिस्तुलांत ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो थोडा मागे येतो आणि एका भिंतीला टेकतो. मग थोडा जास्त दाब दिला की सुटतो. दोन्ही टप्प्यांच्या वजनाचे स्क्रू वेगळे असतात. पहिला 350 आणि दुसरा 160, असं मिळून 510 ठेवता येतं. नवीन मुलांनी पहिला टप्पा जड ठेवावा असं माझं मत आहे. भिंत नीट जाणवते आणि चुकून शॉट सुटत नाही.

इथे माझी फजिती सांगतो. मी शेजारच्या किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं माप आणलं, तारेच्या आकड्याला लावलं आणि ट्रिगर त्याच्यावर अगदी काठावर सेट केला. स्पर्धेच्या तपासणीत तीनही प्रयत्नांत ट्रिगर सुटला. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर माप ठेवलं, तर आकड्यासकट 494 ग्रॅम! माप झिजलं होतं. त्या दिवशी रांगेत उभं राहून घाईत स्क्रू फिरवला आणि पूर्ण मॅचभर अनोळखी ट्रिगर दाबत बसलो. तेव्हापासून वजन आधी काट्यावर मोजतो आणि ट्रिगर 510-520 वर ठेवतो. दहा ग्रॅम कमी करून कोणाचे गुण वाढलेले मी पाहिले नाहीत.

स्क्रूला हात लावण्याआधी फोटो काढा, स्क्रूच्या खाचेची दिशा दिसेल असा. मग पाव फेरा फिरवा आणि नोट्समध्ये लिहा: कोणता स्क्रू, कुठल्या दिशेला, किती. एका वेळी एकच बदल. कोड डीबग करताना आम्ही हेच करतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशाने झाली ते कळतच नाही. पिस्तुलाला फॅक्टरी रीसेटचं बटण नाही, तो फोटोच तुमचा बॅकअप.

सिअरचा, म्हणजे आतल्या पकडीचा, स्क्रू मात्र सोडून द्या. पकड कमी केली की ट्रिगर काचेसारखा स्वच्छ सुटतो हे खरं, पण पिस्तूल टेबलावर जरा जोरात ठेवलं तरी सुटू शकतं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी स्पर्धेच्या आठवडाभर आधी बदला आणि एक बॅगेत ठेवा. कॉकिंग लिव्हर ढिला वाटतोय का, बॅटरीच्या जागी हिरवट गंज आहे का, हे महिन्यातून एकदा बघा.

साइट: क्लिकचा हिशेब

फ्रंट आणि रिअर साइटमधलं अंतर 32 सेंटिमीटर धरा. रिअर साइट 0.1 मिमी सरकली तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 3 मिमी सरकतो. टार्गेटची एक रिंग 8 मिमी रुंद असते, आणि दहाचा गोल 11.5 मिमी व्यासाचा. म्हणजे दोन-चार क्लिकमध्ये नवाचा दहा होऊ शकतो, किंवा उलटही.

रिअर साइट ज्या दिशेला सरकेल त्याच दिशेला छर्रा जातो. पण स्क्रूवरच्या खुणांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो. कुठे "शॉट वर जातायत तर इकडे फिरवा", कुठे "शॉट वर न्यायचे तर इकडे फिरवा". वाद घालण्यापेक्षा पाच छर्रे मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा. दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर भागिले दहा, हा तुमच्या पिस्तुलाचा एका क्लिकचा हिशेब. एकाच शॉटवरून साइट हलवू नका. तो बहुधा मनगटाचा दोष असतो.

ग्रिप

गुण खरे इथे दडलेले असतात, आणि इथे हत्यारही स्वस्त: पॉलिश पेपर आणि लाकडाची पुट्टी. डोळे मिटून पिस्तूल उचला, टार्गेटकडे धरा, डोळे उघडा. फ्रंट साइट रिअरच्या खाचेत मधोमध दिसायला हवी. रोज डावीकडेच दिसत असेल तर ग्रिप हाताला बसत नाहीये. तळहाताला जिथे पोकळी वाटते तिथे पुट्टी भरा, जिथे टोचतं तिथे थोडं घासा, आणि दोन दिवस सराव करून मगच पुढचा हात लावा. जास्त घासलं गेलं तरी पुट्टी आहेच, म्हणून हे काम मला सगळ्यात आवडतं.

नियम एवढाच: ग्रिपने मनगटाला आधार द्यायचा नाही आणि सगळं पिस्तूल 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. घरी पुठ्ठ्याची तशी पेटी करून ठेवा. जाडीचे 50 मिमी तळहाताच्या टेकूमुळे सहज ओलांडले जातात.

कायदा आणि काडतुसाचं पिस्तूल

20 ज्यूलच्या आतल्या 4.5 मिमी एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पण ताकद वाढवायला स्प्रिंग किंवा व्हॉल्व्ह बदलण्याचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. स्पर्धेत त्या ताकदीचा शून्य उपयोग आहे, कारण छऱ्याला फक्त 10 मीटर जाऊन कागदाला भोक पाडायचं असतं.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते 25 मीटर पिस्तूल प्रकारात. तिथे .22 चं काडतूस असतं, म्हणजे ते कायद्याने बंदूकच. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार बंदुकांची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे. तिथे तुमची मर्यादा मॅन्युअलमधली सफाई आणि साइटच्या क्लिकपर्यंत. बाकी सगळं परवानाधारक गनस्मिथकडे.

पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या पेटीत महिनाभर बंद ठेवू नका. फोम ओल धरतो आणि ट्रिगरच्या बारीक स्क्रूंवर आधी गंज येतो. कोरड्या कापडाने पुसा, पेटीत सिलिका जेलची पुडी टाका आणि आठवड्यातून एकदा उघडून बघा.