शेंदराची खूण

जपानी सुतारांच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. दोन लाकडं समोरासमोर येतात, एकमेकांत सरकतात आणि सांधा कुठे होता ते कळतच नाही. खिळा नाही, स्क्रू नाही. जपानीत या जोडणीला ‘किगुमी’ म्हणतात. पाहताना वाटतं, हे तिकडचंच. पण लाकडात लाकूड बसवण्याची आपल्या किनाऱ्याचीही एक गोष्ट आहे आणि ती भिवंडीच्या खाडीतून जाते. इथे देवळं नाही, जहाजं बांधली जात होती.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली. खाडी हाती आली, म्हणजे समुद्राचा रस्ता मिळाला. पण तोंडाशी वसईला पोर्तुगीज, तर खाली जंजिऱ्याला सिद्दी. जहाजांशिवाय त्या रस्त्याचा उपयोग नव्हता. १६५९ मध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला पत्र गेलं : शहाजीच्या मुलाने भिवंडी, कल्याण आणि पनवेलला लढाऊ जहाजं बांधली आहेत, ती समुद्रात उतरू नयेत असा हुकूम आम्ही दिला आहे.

या कामावर रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर होता. त्याच्यासोबत सुमारे ३४० माणसं. वसईच्या कप्तानाने त्याचं मन वळवलं : ही जहाजं उद्या आपल्यावरच येतील. सगळे काम टाकून निघून गेले.

जहाजबांधणी मात्र थांबली नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या स्वारीवर निघाले, तेव्हा त्यांच्या ताफ्यात ८५ लहान गलबतं आणि ३ मोठी जहाजं होती. ती कुणाच्या हातची? त्या पोर्तुगीज पत्रांतून निघून गेलेल्याचं नाव कळतं. करवतीच्या दुसऱ्या टोकाला जो होता, त्याचं कळत नाही.

भिवंडीची ती जहाजं आज पाहायला मिळत नाहीत. पण या किनाऱ्यावरचे सुतार फळी कशी जोडत, हे शंभरेक वर्षांनी सुरतेत स्टाव्होरिनुस या डच दर्यावर्दीने लिहून ठेवलं. युरोपात फळीला फळी नुसती टेकवत आणि मधली फट दोराच्या काथ्याने, डांबराने बुजवत. सुरतेचे सुतार फळीच्या कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत. आधी खालच्या फळीच्या कडेला शेंदूर लावायचा. वरची फळी तिच्यावर दाबायची, उचलायची. जिथे शेंदूर लागला, तो उंचवटा. तेवढाच तासायचा आणि पुन्हा दाबून पाहायचं. सगळी कड नीट बसली की चिकट लेप, त्यावर कापसाचा पातळ थर आणि शेवटी खुंट्या. सांधा जेमतेम दिसायचा. सगळी बाजू एकाच लाकडाची वाटायची, असं तो लिहितो.

याच सुरतेतून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या घराण्याने १८१७ मध्ये बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे.

लाकूड टिकलं. हात टिकले का? जपानमध्ये इसेचं देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. शेवटचं २०१३ मध्ये झालं. त्यामुळे दर पिढीत शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याबरोबर खरं काम मिळतं. २०२० मध्ये जपानच्या लाकडी वास्तू जपणाऱ्या कौशल्यांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. नुसत्या इमारतींना नाही, कौशल्यांना.

भिवंडी आज गोदामांचं शहर आहे. ऑनलाइन मागवलेलं कपाट कदाचित तिथूनच सुट्या फळ्या होऊन तुमच्या घरी येतं. सोबत स्क्रूची पिशवी असते. त्यात वाईट काही नाही. पण कारागिरी कागदावर राहत नाही, कामावर राहते. व्हिएगस गेला तेव्हा काम चालू होतं, म्हणून जहाजं झाली. पुढे लाकडाची जागा लोखंडाने घेतली, काम संपलं आणि हात रिकामे झाले. त्यासाठी कुणाला पळून जावं लागलं नाही.