५७ मिनिटे

राँटगेनच्या क्ष-किरणांना जेमतेम दोन महिने झाले होते. जानेवारी १८९६मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत खडू, हिंगूळ आणि पेट्रोलियमचे मिश्रण भरले आणि तो किरणांसमोर ठेवला. चित्र उमटायला ५७ मिनिटे लागली. हात मेलेला होता म्हणून बरे.

जिवंत हातांचे नशीब तसे नव्हते. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली किरणांच्या नळ्या तपासताना स्वतःचाच हात समोर धरत असे. आधी कातडी गेली, मग हात कापावे लागले आणि १९०४मध्ये तो वारला. एडिसनने हात टेकले. क्ष-किरणांचे काम त्याने सोडूनच दिले. हँबुर्गमध्ये १९३६ साली अशा बळींचे स्मारक उभारले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती.

लिस्बनच्या एगास मोनिझने १९२७मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या चित्रात आणल्या. पुढे अशा चित्रांसाठी रक्तात सोडायचे थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य आले. चित्र झकास येई, पण त्यातले थोरियम यकृतात कायमचे मुक्काम ठोकी आणि काही दशकांनी कर्करोग होऊन उगवे. यंत्र बंद झाल्यावरही किरण चालूच, असा हा प्रकार!

क्लीव्हलँडचा मेसन सोन्स तर टेबलाखालच्या खड्ड्यात बसून पडदा पाही. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी रक्तवाहिनीतून सरकवलेली नळी चुकून हृदयाच्या धमनीत शिरली आणि चित्रासाठीचे औषध थेट आत गेले. रुग्णाचे हृदय क्षणभर थांबले, खोकायला लावताच पुन्हा चालू झाले. या चुकीतूनच हृदयधमन्यांची अँजिओग्राफी जन्मली.

तोवर यंत्रे सुधारली होती, चित्राला लागणारा वेळ घटला होता. मग १९६४ साली पोर्टलँडमध्ये चार्ल्स डॉटरने एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायातली तुंबलेली धमनी नळीनेच मोकळी केली. कापायला निघालेला पाय वाचला. १९७७मध्ये झुरिकला ग्रुन्टझिगने फुग्याने हृदयाची धमनी रुंदावली. खरी कलाटणी इथेच, किरणांच्या हिशेबातसुद्धा. नुसते पाहायचे तर क्षणभर पुरते. दुरुस्ती करायची तर सगळा वेळ पडद्यावर नजर आणि किरणांच्या पेडलवर पाय. व्हिएन्नातली मिनिटे परतली, आता जिवंत अंगावर.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४मध्ये कातडी भाजल्याच्या प्रकारांबद्दल इशारा दिला. एकाच जागी साधारण दोन ग्रे मात्रा झाली की त्वचा लाल होऊ शकते; मोठी जखम मात्र काही आठवड्यांनी उघडते. तेव्हा पाठीवरच्या चट्ट्याचा संबंध जुन्या अँजिओप्लास्टीशी कोण लावणार?

डॉक्टरांचे दुखणे वेगळे. रुग्णाच्या अंगावर आपटून विखुरलेले किरण त्यांच्याकडे येतात. अंतर दुप्पट केले तर मारा साधारण चौथाईवर येतो, पण नळी हातात असताना मागे सरकणार किती? म्हणून शिशाचा एप्रन आणि छताला टांगलेली शिशाची काच.

राहिले डोळे. त्यांच्या भिंगासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट चालतात, असे मानले जाई. २०११मध्ये किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ती मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २०वर आणली. भारतातल्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे ही नळीची कामे होतात तिथे, कर्मचाऱ्यांचा मात्रामापक बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. तो लावायचा छातीवर, एप्रनच्या आत. डोळ्यांपर्यंत किती पोचले ते त्याला कळत नाही.