कच्चा लिंबू आणि यंत्राची दयामाया

मंडळी, आज आपण पौडला जमलो आहोत. याच मुळशी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क आहे. जत्रेतला कुस्त्यांचा फड आणि संगणक, दोन्ही आपल्याच तालुक्यात. आजचा विषय या दोन्हींच्या मधला आहे: खेळणाऱ्याचा वकूब बघून सोपा-अवघड होणारा खेळ.

ही कल्पना यंत्राची नव्हे. फडात जोड लावतात ती वय, वजन, अंगातली ताकद पाहून. बारकी पोरं रेवड्यांवर लढतात, नामांकित मल्ल शेवटी. तालमीत वस्ताद पोराला दमवतो, पण त्याची उमेद मोडू देत नाही. आणि अंगणातला कच्चा लिंबू तर आपण सगळ्यांनीच पाहिलाय, बहुतेकांनी तो होऊनही पाहिलंय! धाकट्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. आपण कच्चा लिंबू आहोत हे ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवशी तो रडत घरी जातो. हे रडणं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. शत्रू मरत जातील तसे उरलेले वेगानं धावत. कारण मजेशीर आहे. चित्रं कमी झाली की यंत्राचं काम हलकं व्हायचं. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. पण ही वाढ सगळ्यांना सारखीच होती. १९८६ च्या ‘झॅनॅक’मध्ये मात्र तुम्ही कसे खेळता, गोळ्या किती झाडता, त्यावर शत्रूचा जोर ठरू लागला.

१९९६ च्या ‘क्रॅश बँडिकूट’मध्ये तर थेट कच्चा लिंबूच आला. एकाच जागी वारंवार मेलात, की खेळ गुपचूप संरक्षक मुखवटा देई. चांगल्या खेळाडूला यातलं काही कळतच नसे. २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’नेही तेच केलं, हरणाऱ्यासमोरचे शत्रू नरम पडत. २००८ च्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये खेळाडूवरचा ताण मोजून, तो शिगेला पोचला की थोडा दम खाऊ देणारी व्यवस्था होती. वस्तादच म्हणा ना!

इथवर आमची काही तक्रार नाही. पण पुढं खेळ फुकट झाले आणि पैसे आतून घेतले जाऊ लागले. ‘पबजी मोबाइल’मध्ये नवख्याच्या समोर माणसांबरोबर यंत्राचे बॉटही सोडले जात. पहिल्याच दिवशी जिंकलेल्या पोराला वाटे, आपण मोठे नेमबाज. अमेरिकेत ईए कंपनीनं अडचण आपोआप बदलण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मग २०२० साली कॅलिफोर्नियात काही खेळाडू कोर्टात गेले: आम्ही पैसे खर्चावेत म्हणून खेळ मुद्दाम अवघड करता का? फुटबॉलच्या आपल्या खेळात ही पद्धत वापरलेली नाही, असं कंपनीनं सांगितलं. २०२१ साली फिर्यादींनी दावा मागे घेतला.

कच्चा लिंबू कोण हे अंगणात ताई ठरवायची, आणि तिला त्यात काही मिळायचं नाही. फडातली जोड सगळ्या गावासमोर पुकारतात. मोबाइलमधली जोड कोण लावतं, कशासाठी लावतं, हे खेळणाऱ्याला दिसत नाही.

थांबतो. प्रश्न विचारा, आणि मागे बसलेल्या पोरांना आधी विचारू द्या.