नॅन्टकेटची आगबोट

परिषदा आणि अधिवेशने यांचे इतिहास लिहिले जातात, तेव्हा त्यांत अध्यक्षांची भाषणे येतात, संमत झालेले ठराव येतात, मतभेद आणि समेट येतात. प्रतिनिधी त्या स्थळापर्यंत पोहोचले कसे, ही गोष्ट मात्र बहुधा आभारप्रदर्शनाच्या एका वाक्यात उरकली जाते. प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या वाट्याला वेळापत्रके, तिकिटे आणि सामान यांपलीकडे काही येत असेल, असे कोणी मानीत नाही. परंतु अधिवेशनाचे स्थळ एखादे बेट असले, तेथे नेणाऱ्या आगबोटीवर कोणी कोठे बसावे याचे नियम ठरलेले असले, आणि ते नियम अधिवेशनाच्या तत्त्वालाच छेद देणारे असले, तर मग काय करावयाचे? अशा वेळी अधिवेशनाची कसोटी सभागृहात लागत नाही; ती धक्क्यावरच लागते. १८४१ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर नेमके असेच घडले.

मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या दक्षिणेस, मुख्य भूमीपासून सुमारे तीस मैल अंतरावर, भर समुद्रात नॅन्टकेट नावाचे एक बेट आहे. रेताड जमीन, खारा वारा आणि तुरळक झाडी यांच्या या बेटाने एके काळी साऱ्या जगाला दिव्याचे तेल पुरविले. व्हेल माशाच्या शिकारीसाठी येथील जहाजे दोन-दोन, तीन-तीन वर्षे प्रशांत महासागरात भटकत असत. १८४० च्या शिरगणतीत बेटाची वस्ती नऊ हजारांच्या घरात होती. तीत क्वेकर पंथीयांचे वजन मोठे होते. या पंथाच्या नॅन्टकेट येथील मंडळाने १७१६ सालीच माणसांना गुलाम म्हणून बाळगणे अयोग्य ठरविले होते. बेटावर कृष्णवर्णीयांचीही एक वस्ती होती, आणि तिच्यातील ॲबसालम बॉस्टन हा गृहस्थ १८२२ मध्ये सर्व कृष्णवर्णीय खलाशी घेऊन ‘इंडस्ट्री’ या जहाजाचा कप्तान म्हणून शिकारीस गेला होता.

असे असूनही बेट भेदभावापासून मुक्त होते असे नाही. १८४० मध्ये युनिस रॉस ही कृष्णवर्णीय मुलगी हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झाली. परंतु गावकऱ्यांनी बहुमताने तिला प्रवेश नाकारला. तिला शिकविणाऱ्या ॲना गार्डनर या तरुण शिक्षिकेने आपली जागा सोडली. त्यानंतरच्या वर्षी बेटावर गुलामगिरीविरोधी परिषद भरविण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्यांत ही पंचविशीतील बाई प्रमुख होती. १०, ११ व १२ ऑगस्ट हे दिवस ठरले आणि नॅन्टकेटच्या ‘अथेनिअम’ या ग्रंथालयाचे सभागृह मिळाले.

परिषदेसाठी ऑगस्ट महिना घेण्यात व्यवहार होता. हिवाळ्यात बेटाचे बंदर कधी कधी गोठून जाई आणि मुख्य भूमीशी संबंध तुटे. उन्हाळ्यात मात्र प्रवास सोपा झाला होता. १८४० मध्ये टाँटन ते न्यू बेडफर्ड ही रेल्वे सुरू झाल्यामुळे बॉस्टनचा प्रतिनिधी आगगाडीने थेट न्यू बेडफर्ड बंदरापर्यंत येऊ शकत होता. तेथून पुढे ‘टेलिग्राफ’ नावाची आगबोट होती. तिने पन्नासाहून अधिक मैलांचा समुद्र ओलांडला की नॅन्टकेटचा धक्का येई. बेत जुळविणाऱ्यांनी आणखी एक सोय साधली होती. ९ ऑगस्टला न्यू बेडफर्ड येथे अशीच एक सभा होती. ती आटोपून मंडळींनी दुसऱ्या दिवशी बोटीने बेटाकडे निघावे, असा क्रम ठरला. कागदावर या योजनेत कसलीही उणीव नव्हती.

उणीव होती ती कागदावर न दिसणाऱ्या ठिकाणी. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी अठराव्या शतकाच्या अखेरीसच संपुष्टात आली होती. परंतु आगगाड्यांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा डबा आणि आगबोटींवर वेगळी जागा हा रिवाज त्या मुक्त संस्थानातही चालू होता. भाडे भरण्याची ऐपत असली तरी जागा रंगावरून ठरे. याच ‘टेलिग्राफ’ बोटीवर १८४१ च्या जून महिन्यात, म्हणजे परिषदेच्या दोनच महिने आधी, डेव्हिड रगल्स या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने बरोबरीच्या जागेचा आग्रह धरला, तेव्हा त्यास धक्काबुक्की सोसावी लागली. पुढच्याच महिन्यात न्यू बेडफर्डच्या रेल्वेतून त्यास ओढून बाहेर काढण्यात आले. रगल्सने फिर्याद केली; न्यायाधीशाने रेल्वेचा नियम ग्राह्य धरून ती फेटाळली. त्या वेळी रगल्सची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. तेव्हा नॅन्टकेटला जाणाऱ्यांपुढे काय वाढून ठेवले आहे, हे कोणास ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

न्यू बेडफर्डच्या सभेला आलेल्यांत तेवीस वर्षांचा एक उंचापुरा मजूर होता. जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजविण्याचे काम त्यास उत्तम येत असे. परंतु गोरे कारागीर त्याच्या शेजारी बसून काम करण्यास तयार नव्हते. म्हणून तो लाकडे फोडी, कोळसा वाही, माल चढवी-उतरवी. आणि त्या सुमारास पितळेच्या ओतशाळेत राबत होता. तीन वर्षांत त्याने एकही सुटी घेतली नव्हती. ती पहिली सुटी त्याने या परिषदेसाठी घेतली. हाच पुढे जगविख्यात झालेला फ्रेडरिक डग्लस होय.

डग्लस यांचे आयुष्य जलप्रवासांनी घडविलेले होते. मेरिलंडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या या तरुणाने ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून आणि दुसऱ्याचे खलाशी-पत्र खिशात घालून बाल्टिमोर सोडले. त्या पत्रातील वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हते. त्या पलायनाचा बेत म्हणजे आगगाडी, सस्क्वेहाना नदीवरची नाव, पुन्हा आगगाडी, विल्मिंग्टनहून फिलाडेल्फियापर्यंत आगबोट आणि पुन्हा आगगाडी, अशी साखळी होती. सस्क्वेहाना ओलांडताना नावेवरील एका ओळखीच्या माणसाने कोठे निघालास, परत केव्हा येणार, असे प्रश्न विचारण्यास आरंभ केला, आणि क्षणभर सारे संपले असे वाटले. तरीही चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे त्यांना आसरा देणारा गृहस्थ म्हणजे हाच डेव्हिड रगल्स. त्याच्याच घरी डग्लस यांचा ॲना मरे हिच्याशी विवाह झाला आणि त्याच्याच सल्ल्याने नवपरिणीत दांपत्य न्यू बेडफर्डकडे निघाले. न्यूपोर्टपर्यंतच्या आगबोटीवर कृष्णवर्णीयांना केबिनमध्ये प्रवेश नव्हता. सप्टेंबरची ती रात्र पतिपत्नींनी उघड्या डेकवर काढली. स्वातंत्र्याच्या भूमीतील त्यांच्या सहजीवनाची सुरुवात ही अशी झाली.

आता १० ऑगस्ट १८४१ चा दिवस. ‘टेलिग्राफ’वर सुमारे चाळीस प्रतिनिधी चढले. त्यांत गोरे होते, कृष्णवर्णीय होते, आणि ‘लिबरेटर’ या पत्राचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन होते. ज्या माणसाने १८३१ पासून आपल्या पत्रातून गुलामगिरीच्या तत्काळ उच्छेदाची मागणी चालविली होती आणि त्यापायी १८३५ साली बॉस्टनच्या रस्त्यांतून जमावाकडून फरफट सोसली होती, तो माणूस उतारूंत आहे म्हणून बोटीचा नियम बदलणार नव्हता. कृष्णवर्णीय उतारू वरच्या डेकवर वेगळे बसल्याखेरीज बोट हलणार नाही, असे कप्तानाने बजाविले.

या ठिकाणी क्षणभर थांबून परिस्थितीचा विचार करणे इष्ट आहे. बोट सोडून देणे म्हणजे परिषद सोडून देणे होते, कारण बेटाला पायवाट नसते. उलट कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना वर पाठवून इतरांनी खाली आरामात बसणे म्हणजे ज्या तत्त्वासाठी बेटावर जावयाचे, ते धक्क्यावरच बुडविणे होते. वाटाघाटी झाल्या, आणि मंडळींनी तिसराच मार्ग काढला. सगळेच वर गेले. गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र वरच्या डेकवर बसले, आणि बोट निघाली. एवढ्यावर न थांबता त्यांनी तेथेच सभा भरविली आणि बोटीवरील या वर्तनाचा निषेध केला. परिषद भरण्यापूर्वीच परिषदेचे काम अशा रीतीने समुद्रावर सुरू झाले.

या तोडग्याकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. कठोर टीकाकार म्हणेल की, कप्तानाचा शब्द शेवटी खरा झाला. ज्यांना त्याने वर पाठविले ते वरच गेले. ही टीका निराधार नाही. रगल्ससारख्या माणसाने जी फिर्यादीची आणि अंगावर मार घेण्याची वाट धरली, तिच्यापुढे हा तोडगा सौम्यच होता. परंतु भेदाचा नियम केवळ जागा वेगळी करून टिकत नाही. वेगळी केलेली जागा हीन मानली गेली पाहिजे, आणि जो तेथे बसेल तो एकटा पडला पाहिजे. चाळीस माणसे एकत्र बसल्याबरोबर नियमाचा शब्द उरला आणि अर्थ नाहीसा झाला. तीन वर्षांपूर्वी ज्या तरुणाने उघड्या डेकवर पत्नीसह अवमानित अवस्थेत रात्र काढली होती, त्याच्यासारख्या माणसाला या दुसऱ्या डेकचा अर्थ निराळा वाटला असल्यास नवल नाही.

नॅन्टकेटला परिषद सुरू झाली. डग्लस काही बोलण्यासाठी आले नव्हते. परंतु न्यू बेडफर्डच्या कृष्णवर्णीयांच्या सभेत त्यांना ऐकलेले विल्यम कॉफिन नावाचे गृहस्थ तेथे होते. त्यांनी आग्रह केला. ११ ऑगस्ट रोजी डग्लस उभे राहिले. आपण अजून मनाने गुलाम आहोत आणि गोऱ्या श्रोत्यांपुढे बोलावयाचे या विचाराचे ओझे मनावर होते, असे त्यांनी पुढे १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. काही क्षण बोलल्यावर ते ओझे हलके झाले, हेही त्यांनी सांगितले आहे. त्या भाषणाचा शब्दशः वृत्तान्त कोणी टिपून ठेवला नाही. परंतु त्यानंतर गॅरिसन बोलावयास उठले तेव्हा त्यांना दुसरा विषयच शोधावा लागला नाही. आपण आता ज्याला ऐकले ती एखादी वस्तू आहे की माणूस, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी सभेला विचारला, आणि सभेने एकमुखाने उत्तर दिले. परिषद संपताच मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे जनरल एजंट जॉन कॉलिन्स यांनी डग्लस यांना प्रचारक म्हणून नेमले. नेमणूक तीन महिन्यांची होती; काम मात्र जन्मभराचे ठरले.

बोटीवरचा प्रश्न त्यामुळे सुटला, असे नव्हे. त्याच सप्टेंबरमध्ये लिन गावी डग्लस यांना रेल्वेच्या डब्यातून फेकून देण्यात आले. त्यांनी बाकाला अशी मिठी मारली की, बाकही उखडून त्यांच्याबरोबर बाहेर आले. १८४२ मध्ये चार्ल्स लेनॉक्स रिमंड यांनी संस्थानच्या विधिमंडळाच्या समितीपुढे या भेदाविरुद्ध निवेदन केले. सभा, अर्ज, निषेध आणि विधेयके यांचा रेटा वाढत गेला, आणि १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रेल्वे कंपन्यांनी वेगळ्या डब्यांची प्रथा सोडून दिली. नॅन्टकेटच्या गोष्टीलाही दुसरी बाजू आहे. १८४२ साली तेथे पुन्हा परिषद भरली, तेव्हा जमावाने दगड आणि अंडी यांचा वर्षाव करून ती उधळण्याचा प्रयत्न केला. ज्या सभागृहात डग्लस प्रथम बोलले ते १८४६ च्या आगीत भस्मसात झाले; १८४७ मध्ये त्याच्या जागी नवी इमारत उभी राहिली. याच सुमारास बेटाच्या शाळांतील वर्णभेदही संपुष्टात आला.

या वृत्तान्ताचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने नष्ट झाली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दास्यविमोचनाच्या कार्यात औदार्य व स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस तो अर्पण केला. पुण्यातील त्या अर्पणपत्रिकेत व्यक्तींची नावे नाहीत. परंतु ज्यांस ती उद्देशून आहे, त्या अनाम लोकांत ‘टेलिग्राफ’च्या वरच्या डेकवर जाऊन बसलेले ते चाळीस प्रतिनिधीही आहेत, असे मानण्यास हरकत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे सामान्य वाचकास ठाऊक नाहीत. त्यांनी केले ते एवढेच की, सोबत्याला जेथे बसविले तेथे ते जाऊन बसले.

आजही परिषदा भरतात, प्रतिनिधी निघतात, गाड्यांची आणि बोटींची वेळापत्रके जुळविली जातात. कोणत्या वाहनाने सर्वांना जाता येईल, कोणास कोठे उतरविले जाईल, कोणास भाडे झेपेल, हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात. परंतु समतेचा ठराव मांडणाऱ्या सभेचे सारे सभासद तेथपर्यंत बरोबरीने पोहोचू शकतात काय, याचे उत्तर त्याच प्रश्नांत दडलेले असते. १० ऑगस्ट १८४१ रोजी एका कप्तानाने तो प्रश्न उघडपणे विचारला, आणि बोट निघण्यापूर्वी त्याला उत्तर द्यावे लागले. सभागृहातील भाषण दुसऱ्या दिवशी झाले. त्या भाषणाला लागणारा विश्वास आदल्या दिवशी डेकवर मिळाला होता.